उसनं तोंड

प्रिय मेइस्के,

दर रविवारी सोरोंगहून तुझा फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ओमा, लिहून झालं का?" होतंय बाई. आता एकदाचं कागदावर उतरवते आणि मोकळी होते. तुझ्या दोन अटी होत्या. तुला देवमाणूस करायचं नाही, आणि तुझ्या चर्चच्या मंडळीला हसायचं नाही. पहिली पाळते. दुसरी जमेल तेवढी. माझीही एक अट ऐक. यात 'तू' आणि 'मी' नकोत. तुझी गोष्ट निम्मी तरी दुसऱ्याच्याच तोंडून घडली, तेव्हा सांगायचीही तशीच, तिऱ्हाइताने सांगावी तशी. मध्ये कुठे खटकलं तर फोनवर ओरडू नकोस. जे आहे ते सगळं तूच सांगितलेलं आहे.

तर मेइस्के रुमेंगन ही तोमोहोनची फुलवाली. या गावात फुलवाल्यांना तोटा नाही, उतारावर जिथे पाय ठेवाल तिथे शेवंती नाहीतर ग्लॅडिओलस. पण मेइस्केचं काम वेगळं. ती मर्तिकाचे फलक करायची. कुणी गेलं की सकाळी फोन यायचा आणि दुपारपर्यंत त्या घराच्या फाटकाशी माणसापेक्षा उंच फलक उभा राहायचा. बांबूची चौकट, तिच्यावर ताणलेलं काळं कापड, कडेने टाचलेली शेवंतीची डोकी, आणि मधोमध थर्माकोलची पांढरी अक्षरं: 'आपल्या दुःखात सहभागी.' ही अक्षरं ती झोपेतही कापू शकली असती. तिचा नवरा वेंत्ये वडापची निळी गाडी चालवायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या घरी दुःख घाऊक मिळतं. रडायला वेळ नाही, फक्त डिलिव्हरी."

दुपारी शेजारची ओमा कोरी, म्हणजे कोरी आजी, तिच्या शेडमध्ये येऊन बसायची. ओमा अध्यापक कॉलेजात शिकवून निवृत्त झालेली, जुन्या पांढऱ्या चर्चची सभासद, आणि रिकामं बसणं तिला जमायचं नाही. ती ग्लॅडिओलसची पानं ओरबाडायची आणि बोलायची. मेइस्केही मुळात त्याच पांढऱ्या चर्चची. तिथेच तिचा बाप्तिस्मा झाला आणि लग्नही. मग मुलगा रोली सोरोंगला नोकरीला गेला, घर शांत झालं, आणि त्याच सुमारास फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर भरणाऱ्या नव्या मंडळीने तिला व्यासपीठावरच्या फुलांचं काम दिलं. शनिवारी फुलं लावायला ती जायची. एकदा लावून झाल्यावर थांबली. गाणं चाललं होतं, लोक हात वर करून उभे होते, आणि मेइस्के मोठ्याने रडली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"आपल्या चर्चमध्ये रडलं असतं ना," ती ओमाला म्हणाली, "तर संध्याकाळपर्यंत चार बायका भोपळ्याची पेज घेऊन आल्या असत्या. काय गं झालं, वेंत्येने मारलं का, विचारायला."

"मग? पेज वाईट असते का?"

"पेज चांगली असते. प्रश्न वाईट असतात."

तेव्हापासून ती नव्या मंडळीची झाली आणि शेडमध्ये रोज शब्दांवरून जुंपायला लागली. शब्द सगळे तेच होते, दोन्हीकडच्या बायबलात छापलेले. पण ओमाच्या चर्चमध्ये प्रेषित म्हणजे बारा जण, आणि सगळे केव्हाच मेलेले. मेइस्केच्या मंडळीत प्रेषित सुराबायाहून विमानाने यायचा. ओमाकडे अभिषेक म्हणजे जुन्या करारातल्या राजांच्या डोक्यावरचं तेल. मेइस्केकडे तो माइकमधून यायचा, या रविवारी जास्त, गेल्या रविवारी कमी.

"आणि तो मोजतं कोण? मीटर लावलाय का?" ओमा विचारायची.

"ओमा, तुमच्याकडे पवित्र आत्मा येतो तरी का? का आधी अर्ज करावा लागतो?"

सगळ्यात मोठं भांडण 'कबुली' या शब्दावरून. पांढऱ्या चर्चमध्ये कबुली पापाची द्यायची, मान खाली घालून, सगळ्यांनी एका सुरात. नव्या मंडळीत कबुली चांगल्या गोष्टीची, आणि ती घडायच्या आधीच. पास्टर योपी शिकवायचे की तोंडातून निघालेला शब्द बी असतो. बरी आहे म्हणा, बरं उगवेल. आजारी म्हणा, आजार उगवेल. त्यामुळे मंडळीत आजाराचं नाव कुणी घ्यायचं नाही. कशी आहेस विचारलं की एकच उत्तर: "विजयी!" पावसाळ्यात सगळ्यांची नाकं चोंदलेली, आवाज बसलेले, आणि जिन्यात एकमेकांना भेटले की "विजयी!", "विजयी!" वेंत्येला यात फार मजा वाटायची. गाडीचं टायर बसलं की तो खाली उतरून टायरला म्हणायचा, "विजयी!"

मेइस्के हसायची. पण तिने ते मनापासून धरलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुःखाची अक्षरं टाचणाऱ्या बाईला तोंडात एक तरी चांगला शब्द ठेवावासा वाटला, यात नवल काय?

तिच्या डाव्या छातीत गाठ लागली ती अंघोळ करताना. तिने कुणाला सांगितलं नाही, वेंत्येलाही नाही. त्याच महिन्यात मैदानावर मोठी सभा होती. सुराबायाचा प्रेषित गाता गाता थांबला, डोळे मिटून म्हणाला, "इथे एक बहीण आहे. डाव्या बाजूला गाठ आहे. कुणाला सांगितलेलं नाही. प्रभू आत्ता तिला स्पर्श करतोय." मेइस्के पुढे गेली, त्याने डोक्यावर हात ठेवला, अंगातून ऊन गेल्यासारखं झालं, आणि बरेच दिवस ठसठसणारी बाजू त्या रात्री दुखली नाही.

रविवारी तिने साक्ष दिली. "प्रभूने मला बरं केलं." टाळ्या, मिठ्या, पास्टर योपींच्या डोळ्यांत पाणी. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं आणि ते बितुंगपासून पार जयापुरापर्यंतच्या मंडळ्यांत फिरलं. मेइस्केला लोक रस्त्यात ओळखायला लागले. मर्तिकाचे फलक करणारी नव्हे, बरी झालेली.

गाठ मात्र होती तिथेच होती. अंघोळीच्या वेळी साबणाखाली हाताला लागायची. मंडळीत याचंही उत्तर होतं: ते नुसतं लक्षण. आरोग्य मिळालेलंच आहे, लक्षण खोटं बोलतं, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही. मेइस्केने लक्ष दिलं नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती आरोग्य केंद्रात गेली तेव्हा नर्सने विचारलं, आणखी काही तक्रार? मेइस्के म्हणाली, "मी बरी झाले आहे." नर्स त्याच मंडळीची. तिने ते चित्रण पाहिलं होतं. "आमेन, ताई!" म्हणाली आणि पुढच्याला हाक मारली.

फलकाची चौकट उचलताना मेइस्के एकदा कळवळली आणि ओमाने पानं ओरबाडणं थांबवलं.

"काय झालं?"

"विजयी."

"विजयी गेली खड्ड्यात. हात वर कर."

मेइस्केने ओमाचा हात धरला आणि छातीवर ठेवला. ओमाने दोन बाळंतपणं आणि एका बहिणीचं मरण पाहिलेलं होतं. तिला सांगायला लागलं नाही.

"उद्या मानाडोला. मोठ्या हॉस्पिटलात."

"नाही."

"का नाही? मरायचंय?"

"ओमा, तिथे विचारतील काय होतंय. मी काय सांगू? याच तोंडाने सगळ्यांसमोर सांगितलंय, बरी झाले. आता त्याच तोंडाने गाठ आहे म्हटलं की ते मोडलं. दिलेली साक्ष परत घेता येत नाही."

"मूर्खपणा आहे हा."

"मग एवढं सांगा. त्या माणसाला कुणी सांगितलं? डावी बाजू कशी कळली त्याला? मी वेंत्येलासुद्धा बोलले नव्हते."

या प्रश्नाला ओमाकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मैदानात एवढ्या बायका, एखादीच्या डावीकडे गाठ असायचीच, असं म्हणता येतं. पण ऊन गेल्यासारखं झालं ते मेइस्केच्या अंगातून, ओमाच्या नव्हे. तेव्हा ओमा पुन्हा पानं ओरबाडायला लागली, आणि तिने वाद घातला नाही यानेच मेइस्के घाबरली असावी. बराच वेळ ती शेवंतीची डोकी टाचत राहिली. मग मान वर न करता म्हणाली,

"ओमा, तुमचं तोंड उसनं द्याल?"

"म्हणजे?"

"तुम्ही सांगायचं डॉक्टरांना. मी नुसती बसेन. तुमचा काही यावर विश्वास नाही, तेव्हा तुम्ही बोललात तर माझ्यात काही उगवणार नाही."

"माझा विश्वास आहे, भवाने! फक्त मी त्याचा आवाज करत नाही."

"तेच ते."

दुसऱ्या दिवशी वेंत्येने प्रवासी घेतले नाहीत. त्याने काही विचारलंही नाही. फक्त गाडीतलं गाणं बंद केलं. मानाडोच्या रस्त्यावर वडापवाल्याने गाणं बंद करणं म्हणजे कबरीसमोर टोपी काढण्यासारखं आहे.

डॉक्टर रेत्नो जावाच्या, हळू बोलणाऱ्या, डोक्याला करडा रुमाल. त्यांनी मेइस्केकडे बघून विचारलं, "काय त्रास होतोय, ताई?"

"डाव्या छातीत गाठ," ओमा म्हणाली.

"कधीपासून?"

मेइस्केने ओमाकडे पाहिलं. "मोठ्या सभेच्या आधीपासून," ओमा म्हणाली. "म्हणजे लवंगा खुडायच्या आधीपासून."

"दुखतं का?"

"मध्ये थांबलं होतं. आता दुखतं."

डॉक्टरांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्या पुढे वाकल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "घाबरू. नका. मी. तपासते." हाताने खुणा केल्या. कागद ओढून त्याच्यावर छातीचं चित्र काढलं, सुई कुठे घालायची तिथे फुली मारली. ओमाने खुलासा करायला तोंड उघडलं, तर मेइस्केने टेबलाखालून तिच्या मांडीला असा चिमटा काढला की वळ उठला. मेइस्के मुकी ठरली ती अशी.

सुईने काढलेला तुकडा वाईट निघाला, पण वेळ गेलेली नव्हती. डावी छाती काढायच्या शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करायची होती. सही हाताने करतात, तोंडाने नाही, त्यामुळे मेइस्केने ती मुकाट्याने केली. नंतरच्या औषधांनी केस गेले. मंडळीत तिने डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधला, आणि लोक म्हणाले, "मेइस्के, काय शोभतो तुला! कशी आहेस?" "विजयी," ती म्हणायची. त्या दिवसांत ती ओमाला म्हणाली होती, की हा शब्द म्हटला की आता तोंड धुवावंसं वाटतं.

तरी ते तसंच चालून गेलं असतं. पण एका दुपारी फेबी शेडमध्ये आली. फेबी ही चौकात केळ्याची भजी विकणारी मुलगी, नवीनच लग्न झालेली, नव्याच मंडळीतली. तिने गळ्याभोवतीची ओढणी सोडली. गळ्याच्या खालच्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती.

"ताई, तुमची साक्ष मी रोज बघते," फेबी म्हणाली. "हॉस्पिटलने तारीख दिली होती. मी गेले नाही. रविवारी साक्ष देणार आहे मी. तुमच्यासारखी."

मेइस्केच्या हातातली टाचणी बोटात गेली. "फेबी," ती म्हणाली, "अगं..." आणि पुढे काही निघेना. फेबीने तिला मिठी मारली, "आमेन!" म्हणाली आणि भजी करपतील म्हणून पळाली.

मेइस्के तशीच, बोट चोखत, ओमाच्या स्वयंपाकघरात आली.

"ओमा, तुम्ही सांगा ना तिला."

"काय सांगू?"

"सगळं. डॉक्टरांना सांगितलंत तसं."

"नाही," ओमा म्हणाली. "डॉक्टरला माझं तोंड चाललं, त्यांना कुणीही सांगितलं तरी गाठ ती गाठ. फेबीने साक्ष तुझी ऐकलीय. मी सांगितलं तर म्हणेल, ही पांढऱ्या चर्चची म्हातारी, हिला आमचा राग आहे. आणि राग आहेच मला. उसनं आणलेलं परत करायची वेळ आली आता."

"मग माझ्या साक्षीचं काय? लोक म्हणतील खोटी होती."

"होती का?"

"नाही," ती म्हणाली. "अर्धी होती."

रविवारी ओमा आयुष्यात पहिल्यांदा तो जिना चढली. काळा पोशाख, हातात पंखा, कानात कापूस, कारण बसायला जागा मिळाली ती स्पीकरशेजारी. साक्षीची वेळ झाली. फेबी उठायच्या आत मेइस्के उठली. पास्टर योपींनी हसून माइक दिला. मेइस्केची साक्ष म्हणजे त्यांना सणच.

"मी तुम्हाला साक्ष दिली होती," मेइस्के म्हणाली. "ती अर्धी होती. उरलेली आज देते. मला कॅन्सर झाला होता."

मागून कुणीतरी सवयीने "आमेन!" म्हणालं आणि जीभ चावली. पेटीवाल्याचा हात थांबला.

"त्या दिवशी सभेत प्रभूने माझ्या गाठीचं नाव घेतलं. मी ते कुणापाशी घेत नव्हते, म्हणून त्याने घेतलं. मला वाटलं, नाव घेतलं म्हणजे झालं. पण गाठ राहिली होती. मानाडोच्या डॉक्टरांनी ती कापून काढली. औषधं दिली. हे बघा." तिने रुमाल काढला. डोक्यावर नुकते उगवलेले केस होते, पिलाच्या पिसांसारखे. "मी तुम्हाला विजयी म्हणत होते तेव्हा घरी बादलीत ओकत होते. प्रभूने मला बरं केलं. डॉक्टरांच्या हातांनी केलं. फेबी, तारीख गेली असली तरी दुसरी मागून घे. मी येते तुझ्याबरोबर."

फेबी उठून बाहेर गेली. पास्टर योपींनी माइक घेतला, "बस, मेइस्के," एवढंच म्हणाले आणि गाणं सुरू केलं.

पुढच्या आठवड्यात ते शेडमध्ये आले. उलट्या बादलीवर बसले. ओमाने मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं, पण माणूस इतका थकलेला दिसत होता की तिने त्याच्या हातात ग्लॅडिओलसची जुडी दिली, पानं काढायला.

"डॉक्टरकडे जाऊ नका असं मी कधीच म्हणालो नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणालात," मेइस्के म्हणाली. "पण जाऊन आले असं म्हणायला जागाही नाही ठेवलीत."

"जाहीर करणं म्हणजे देवावर भार टाकणं गं. खोटं बोलणं नव्हे. मी स्वतः रक्तदाबाची गोळी घेतो, रोज."

"मग हे व्यासपीठावरून का नाही सांगत?"

"लोकांचा विश्वास डळमळतो."

"माझा नसता डळमळला, पास्टर. मी पहिल्याच दिवशी गेले असते. माझी एक छाती वाचली असती कदाचित."

त्यांनी मान खाली घातली आणि पानं काढत राहिले. ओमाला वाटलं होतं या क्षणी आपल्याला आनंद होईल. झाला नाही.

फार मोठं काही बदललं नाही. काही कुटुंबं मंडळी सोडून गेली, म्हणाली अग्नी विझला. बोललेलं उगवतं हे पास्टर अजूनही शिकवतात, पण प्रार्थनेच्या वेळी म्हणतात, ज्यांना डॉक्टरांनी तारीख दिली आहे त्यांनीही हात वर करा, आणि हात वर होतात. किती होतात ते पाहून पहिल्यांदा त्यांचेच डोळे मोठे झाले. गोळीचं मात्र त्यांनी अजून सांगितलेलं नाही. फेबी बरेच दिवस मेइस्केशी बोलली नाही. तिला तिच्या आईने हॉस्पिटलात नेलं. गाठ साधी निघाली. गळ्यावर व्रण राहिला, तो ती ओढणीने झाकते, आणि मेइस्केला भजी देताना एक जास्त टाकते.

मेइस्केने मंडळी सोडली नाही. ओमाने विचारलं, "एवढं होऊन अजून तिथेच?"

"तिथेच रडता येतं," ती म्हणाली. कुणी कशी आहेस विचारलं की "विजयी" म्हणायचीच. पण पुढे जोडायची, "आणि गुडघा दुखतोय."

आता तुझ्या-माझ्यातलं, मेइस्के. डॉक्टर रेत्नोंचं राहिलं ते राहिलंच. तुझी जीभ सुटली तोवर त्यांच्याकडे एवढ्या खेपा झाल्या होत्या, की आता बोलायचं कसं म्हणून तू तिथे मुकीच राहिलीस. आणि त्या बिचाऱ्या नर्सला सांगायच्या, तोमोहोनच्या मुक्या ताईंना आधी घ्या, ताटकळत ठेवू नका. मग आपलं ठरलं. धुरावर भाजलेला चांगला कुपा मासा घ्यायचा, पांढऱ्या लिलींची जुडी घ्यायची, वेंत्येच्या गाडीने जायचं, आणि दारातून आत शिरताच तू मोठ्याने म्हणायचं, "डॉक्टर, मला बोलता येतं. उपकार झाले." मी गप्प बसायचं, एक अक्षर बोलायचं नाही, अशी तू शपथ घातली होतीस.

मासा मी आणला आणि बर्फात ठेवला. त्याच आठवड्यात नाताळचं काम आलं. मग लोकोन ज्वालामुखीची राख पडली आणि रस्ता बंद झाला. मग वेंत्येचा गिअरबॉक्स गेला. मग रोलीला मुलगी झाली आणि तू सोरोंगची बोट धरलीस. डॉक्टरीणबाई अजून त्याच खोलीत बसतात, परवा कुणीतरी सांगितलं. मासा तुझ्या जाण्याच्या आदल्या दिवशी आपण तिघांनी मिरची घालून भाताबरोबर संपवला.